आदेशाच्या दुसऱ्या दिवसापासून

प्रतिपालक आणि सांभाळ करणाऱ्या कुटुंबांच्या चळवळीचा पहिला जाहीरनामा

बालकल्याण समितीने आदेशावर सही केली, शिक्का मारला आणि मूल आमच्या घरी पाठवलं, की शासनदरबारी त्या मुलाचा प्रश्न सुटलेला असतो. जिल्ह्याच्या अहवालात एक आकडा वाढतो. आमचं काम त्यानंतर सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल उठतं तेव्हा त्याला मोरी कुठे ते माहीत नसतं, चहा मागावा की मिळेपर्यंत थांबावं ते कळत नसतं, आणि आम्हाला काय हाक मारायची हे त्याला एकट्यालाच ठरवावं लागतं. आम्हालाही त्याच्याबद्दल आदेशातल्या चार ओळींपलीकडे काही ठाऊक नसतं. त्याला कुठलं औषध चालत नाही, अंधाराची भीती वाटते का, याआधी किती घरं नि किती संस्था बदलून झाल्या, कुणी मारलं होतं का, हे सगळं ते हळूहळू वागण्यातून सांगतं. ते ओळखायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

हा जाहीरनामा त्या दुसऱ्या दिवसापासूनच्या काळाबद्दल आहे. आमचं म्हणणं एवढंच: ज्या घरात मूल ठेवलं त्या घराच्या पाठीशी उभी राहणारी व्यवस्था करा. ती नसेल तर चांगली घरंही थकतात, हात टेकतात, आणि एकदा घर सुटलेलं मूल दुसऱ्यांदा घराबाहेर पडतं.

आम्ही कोण, तेही सांगायला हवं. समितीच्या आदेशाने परक्याचं मूल घरी आणलेली जोडपी आमच्यात आहेत, पण ती थोडी. त्यांच्याहून कितीतरी जास्त आज्या आहेत, मामा-मामी आहेत, मावश्या, आत्या, थोरल्या बहिणी आहेत. तेराव्याला पाहुणे उठून गेले आणि मूल तिथेच राहिलं, एवढीच त्यांच्याकडच्या सांभाळाची सुरुवात. बालसंगोपन योजनेचं नाव त्यांनी पुढे कधीतरी अंगणवाडीताईंकडून ऐकलं. शिवाय लहानपणी दुसऱ्याच्या घरात वाढून आता नोकरीधंद्याला लागलेली मुलंमुली आमच्यात आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं की आम्हाला ‘लाभार्थी’ म्हणून स्टेजवर बसवायचं नाही, ठराव लिहिताना शेजारी बसवायचं. हा मजकूर त्यांच्या हाताखालून गेला आहे. चळवळीच्या नावावर मात्र एकमत झालेलं नाही. माया, छाया, सावली असली नावं सुचवणाऱ्यांचा सपशेल पराभव झाला, एवढंच आज जाहीर करता येतं.

कायदा आमच्या विरोधात नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 मध्ये मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलेला आहे. कलम 44 प्रतिपालकत्वाचं. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं ते सांगतं, दरमहा अर्थसाहाय्याची तरतूद करतं, मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबावर टाकतं. कुटुंब निवडायचं, पात्र ठरवायचं, मान्य करायचं, त्याच्यावर देखरेख ठेवायची, हे सगळं कायद्यात आहे. दर महिन्याला पाहणी व्हावी असंही आहे, आणि कुटुंब कमी पडतंय असं आढळलं तर मूल तिथून काढून दुसरीकडे ठेवावं असंही. आता या शेवटच्या दोन गोष्टींच्या मधे काय आहे ते बघा. पाहणी झाली, कुटुंब कमी पडलेलं दिसलं, मूल काढलं. ते का कमी पडलं, त्याला महिनाभर कुणी हात दिला असता तर सावरलं असतं का, हे विचारायची पायरीच तिथे नाही.

या गाळलेल्या पायरीचा परिणाम आमच्या घरांत काय होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्यातल्या एका ताईंकडे आठ वर्षांचा मुलगा आला. तो चपला पायात घालून झोपायचा. दप्तर भरून उशाशी ठेवायचा आणि भिंतीला टेकून, बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढाच झोपायचा. ताई आधी रागावल्या, मग समजावलं, मग एका रात्री त्यांनी त्या चपला साबणाने घासून, पुसून, कोरड्या करून त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, ‘घाल आणि झोप.’ त्या रात्री तो पहिल्यांदा आडवा झाला. पुढे कितीतरी आठवडे ताई रोज संध्याकाळी चपला धुवायच्या. सासूबाई म्हणायच्या, अंथरुणावर चपला, घरात लक्ष्मी कशी टिकायची! या काळात पाहणीला माणूस आला. त्याने विचारलं, ‘मूल नीट राहतंय ना? झोप वगैरे?’ ताई म्हणाल्या, ‘हो साहेब, छान राहतंय.’

त्या खोटं का बोलल्या, ते आमच्यातल्या प्रत्येकाला कळतं. अडचण सांगितली तर ती अडचण ‘कुटुंब असमर्थ’ अशा शेऱ्याने कागदावर जाईल आणि एखाद्या सोमवारी मूल घेऊन या म्हणून निरोप येईल, ही ती भीती. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं, त्याच्याच हातात मूल काढून घेण्याचा अधिकार असेल तर मन मोकळं होत नाही. मग जी घरं मदत मागू शकली असती ती गप्प बसतात, आणि अगदी हाताबाहेर गेल्यावर एक दिवस स्वतःच मुलाला घेऊन समितीपुढे उभी राहतात: ‘आमच्याच्याने होत नाही.’ खरं तर चपला घालून झोपणाऱ्या मुलात जगावेगळं काही नव्हतं. रात्रीत उठवून ज्याला एका घरातून दुसऱ्या घरात नेलं गेलं असेल, ते मूल पुढचे खूप दिवस निघायच्या तयारीतच झोपणार. एवढं वाक्य जाणत्या माणसाने फोनवर सांगितलं असतं, तर त्या ताईंच्या कितीतरी रात्री सोप्या गेल्या असत्या.

म्हणून आमची पहिली मागणी ही: पाहणी करणारा माणूस वेगळा आणि साथ देणारा माणूस वेगळा ठेवा. पाहणी कडक व्हावी, तिला आमची हरकत नाही. मुलांच्या नावावर पैसे उचलून त्यांना घरगड्यासारखं राबवणारी माणसंही जगात आहेत, आणि अशा घरातून मूल तासाभरात निघायला हवं. पण त्याखेरीज प्रत्येक कुटुंबाला एक ओळखीचा माणूस हवा, जो मूल यायच्या आधी एकदा घरी येऊन गेलेला असेल, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला येईल, आणि ज्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलणार नाही. कोणी म्हणेल, 1098 ही हेल्पलाइन आहे की. ती सेवा संकटातल्या मुलासाठी आहे, तिचं मोल आम्ही जाणतो. पण रात्री अकरा वाजता मूल रडून रडून निळं पडतंय आणि दवाखान्यात न्यावं की नुसतं जवळ घेऊन बसावं हे सुचत नाही, तेव्हा ज्या यंत्रणेचं काम मूल ताब्यात घेणं आहे तिला फोन लावायला हात धजत नाही.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या लोकांशी आमचं भांडण नाही. त्यातली बरीचशी माणसं कंत्राटावर आहेत, आणि आमच्यापैकी अनेकांना जी काही मदत मिळाली ती त्यांच्यातल्याच एखाद्या मॅडमनी स्वतःच्या स्कूटीवर येऊन केलेली आहे. पण रचनाच बघा. साऱ्या जिल्ह्याला समुपदेशकाचं पद एक, संस्थाबाह्य सेवांचा संरक्षण अधिकारी एक, सामाजिक कार्यकर्ते दोन. यवतमाळ किंवा नांदेडसारख्या 16 तालुक्यांच्या जिल्ह्यात त्या एका समुपदेशकाने नुसता प्रवास करायचा म्हटला तरी महिना पुरणार नाही. आम्हाला तालुक्याला निदान एक पूर्णवेळ, पगारी, कायम माणूस हवा. आणि कृपा करून हे काम अंगणवाडीताई आणि आशाताईंच्या रजिस्टरांच्या ढिगावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका. वाटेल ते काम कमी मानधनात त्यांच्या गळ्यात मारायची खोड या राज्याला फार दिवसांपासून आहे.

आता पैशाबद्दल. हा विषय काढला की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना गेली कित्येक वर्षं चालू आहे; आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. बराच काळ तिच्यात मुलामागे महिन्याला 425 रुपये मिळत. कोविडच्या काळात ते 1100 झाले, 2023 पासून 2250. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये हीच रक्कम महिन्याला 4000 आहे. एकाच वयाची, एकाच शाळेत जाणारी दोन मुलं. एकाची फाइल या योजनेत गेली, दुसऱ्याची त्या योजनेत, म्हणून एकाचं दूध जवळपास निम्मं. याचं उत्तर आम्हाला अजून कुणी दिलेलं नाही. त्यात पैसे दरमहा येतात हे फक्त शासन निर्णयात. प्रत्यक्षात ते अनुदान आलं की येतात. सहा-सात महिने काही नाही, मग एकदम एक रक्कम. दुकानदाराची उधारी मात्र महिन्याच्या महिन्याला असते. रक्कम कितीही असो, ती दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यावर पडली पाहिजे, हे आमचं किमान मागणं. रक्कम दोन्ही योजनांत सारखी असावी आणि महागाईबरोबर आपोआप वाढावी, हे त्यापुढचं.

शिवाय मूल घरी येतं त्या आठवड्याचा खर्च वेगळाच असतो. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या मुलाला अंथरूण-पांघरूण, गणवेश, वह्या, चष्मा, दातांचा डॉक्टर, सगळं एकदम लागतं. त्यासाठी सुरुवातीलाच एकरकमी तरतूद हवी. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने 5 लाखांची ठेव ठेवली, केंद्राच्या योजनेत 10 लाख. ते चांगलंच झालं; मूल मोठं झाल्यावर त्याला पायावर उभं राहायला ती रक्कम कामी येईल. पण त्याला मधली दहा-बारा वर्षं वाढवणाऱ्या मावशीने शिवणकाम बंद करून घरी बसायचं ठरवलं, त्या तिच्या बुडलेल्या कमाईचा विचार कुठल्याच ठेवीत नाही.

प्रतिपालकांना वेतन मिळावं का? यावर आमच्यात कडाक्याचा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, वेतन मागितलं की लोक म्हणणार, पैशासाठी मूल ठेवलं. दुसऱ्या बाजूने एका मामींनी विचारलं की बालगृहातल्या काळजीवाहकाला पगार मिळतो, त्याला कुणी असं म्हणतं का? शेवटी ठरलं ते असं: सर्वसाधारण मुलाचा सांभाळ करणाऱ्यांना खर्चाची पूर्ण भरपाई, पण गंभीर आजार, अपंगत्व किंवा मनावरचा मोठा आघात असलेलं मूल सांभाळायला घरातल्या एका माणसाला काम सोडावं लागत असेल तर त्याला खर्चाशिवाय वेगळा मोबदला. तो मागताना आम्ही मान खाली घालणार नाही.

कागदपत्रांचं प्रकरण एका आजींच्या तोंडून ऐकावं. मुलगा गेला, सून माहेरी जाऊन दुसरीकडे नांदायला लागली, नातू आजीकडे. अर्जाला लागलं काय काय? मृत्यूचा दाखला, दोघांचं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. आजी भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक म्हणाला, माझ्या दारात सरकारी फोटो नको, उद्या खोलीवर हक्क सांगाल. मग शेजारच्या पोराने मोबाइलवर, पत्र्याच्या भिंतीपुढे, घर अर्धंमुर्धं दिसेल असा फोटो काढला. तो ‘घर स्पष्ट दिसत नाही’ म्हणून परत आला. मग समितीपुढे हजर राहायला जिल्ह्याच्या गावी जायचं. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं हे खरं, पण निंदणीची मजुरी पूर्ण बुडते, आणि नातवाची शाळाही. हे एकदाच झालं असतं तर आजींनी तक्रार केली नसती.

आमची मागणी: दाखले शासनाने शासनाकडूनच घ्यावेत. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत आहे, बोनाफाईड शाळेत आहे, उत्पन्न तहसीलमध्ये. ही तिन्ही ठिकाणं सरकारचीच, मग कागद घेऊन फिरायचं आजीने का? समितीने महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या ठिकाणी बसावं. आणि आदेशासोबत प्रतिपालकाला एक ओळखपत्र मिळावं, जे दाखवल्यावर शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली संमती, बँकेतलं खातं यांसाठी ‘खरे आईवडील कुठायत?’ हा प्रश्न खिडकीवर, सगळ्यांसमोर, मुलाच्या देखत विचारला जाणार नाही.

मुलाच्या देखत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आणखी एक असतो, आणि तो फॉर्मवर नसतो. ‘कुणाचं आहे?’ म्हणजे जात कुठली. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, कधी शिक्षकही विचारतात. काही घरांनी यावर सोयीची उत्तरं तयार ठेवली आहेत. आमचं ठरलं आहे की उत्तर द्यायचं नाही. मुलाला त्याच्या हक्काचा जातीचा दाखला मिळवून देण्यासाठी मात्र आम्ही वाटेल तेवढे खेटे घालू. तो त्याचा आहे, शेजाऱ्यांच्या कुतूहलासाठी नाही.

आता मुलाच्या आईबद्दल, कारण तिच्याबद्दल बोलायला प्रतिपालक बिचकतात. आमच्याकडची बरीच मुलं अनाथ नाहीत. कुणाची आई आजारी आहे, कुणाची तुरुंगात, कुणाची नवऱ्याच्या मारातून सुटून आता कुठे काम शोधते आहे. आईवडिलांना मुलाला भेटायला येऊ देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण भेटायचं कुठे? आमच्या घरी तिला अवघडल्यासारखं होतं आणि आम्हालाही. मग या भेटी एसटी स्टँडवर होतात, नाहीतर समितीच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर, जिथे पुढच्या केसचे पोलीस शेजारी बसलेले असतात. वडापावचा कागद हातात धरून आई आणि लेक एकमेकींकडे बघत बसतात आणि बोलायचं राहूनच जातं. प्रत्येक तालुक्यात यासाठी एक खोली द्या. चटई, थोडी खेळणी, पाण्याची सोय आणि दार लोटता येईल एवढा आडोसा, बाकी काही नको.

ज्यांचं नाव या योजनेला दिलं आहे, त्या सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा आधी त्या गरोदर, टाकलेल्या विधवेला घरात घेतलं. बाळ तिच्यापाठोपाठ आलं. अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा, मुलगा यशवंत पुढे त्यांनी दत्तक घेतला. आईला वगळून मुलाचं भलं करण्याचा विचार त्यांच्या कामात दिसत नाही. त्यांच्या नावाच्या योजनेतही तो दिसू नये. आईला पुन्हा उभं करता येत असेल तर तो पैसा, तो समुपदेशक, ती कायदेशीर मदत आधी तिच्याकडे जावी. मूल परत तिच्याकडे गेलं तर ते आमचं अपयश नव्हे, हे आम्ही स्वतःला रोज बजावतो. बजावावं लागतं, कारण ते सोपं नाही.

मूल परत जातं तो दिवस कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नीट आलेला नाही. दोन-तीन वर्षं ज्याचे केस विंचरले, ते मूल एका सकाळी जातं, आणि दुसऱ्या दिवशी घरातलं दुसरं, आमच्या पोटचं मूल विचारतं, आता मलापण कुणी नेणार का? या पोटच्या मुलांचा विचार तर कुणीच करत नाही. त्यांनी खोली वाटून घेतली, आईचा वेळ वाटून घेतला, फाडलेलं दप्तर शिवून घेतलं. आम्हाला हवं ते असं: मूल हलवायचं असेल तर, जिवाचा धोका नसेल तेव्हा, निदान काही आठवडे आधी सांगा. मधे येणंजाणं ठेवू द्या. गेल्यानंतर फोनवर बोलायची मुभा मुलाच्या इच्छेवर ठेवा. आणि त्या घराकडे नंतरही एकदा कुणीतरी येऊन जा. काही घरांत मूल कायमचं राहावं असं मुलालाही वाटतं आणि घरालाही. दत्तकासाठी प्रतिपालकत्वाची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आली, एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येईल असं केंद्राच्या 2024 च्या प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांनी म्हटलं, हे बदल आम्हाला मनापासून पटले. आमच्यातल्या दोघी अविवाहित शिक्षिका तर त्याचीच वाट बघत होत्या.

विसाव्याबद्दल थोडक्यात. वर्षभर, अहोरात्र, कुणीही अशा मुलाचा सांभाळ एकट्याने करू शकत नाही. बहुतेक घरांत तो बाईच करते, अर्ज भले नवऱ्याच्या नावावर असो. तिचं ऑपरेशन असेल, घरात लग्न असेल, किंवा नुसती ती दमली असेल, तर दोन-चार दिवस मुलाला ठेवता येईल असं, त्याच्या ओळखीचं, पडताळणी झालेलं दुसरं घर गावातच हवं. आज्यांच्या बाबतीत तर हे विसाव्यापुरतंच उरत नाही. सत्तरीच्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या पदरात सहा वर्षांचं मूल आहे, आणि ‘माझ्यामागं याचं काय’ हा प्रश्न ती रोज रात्री स्वतःला विचारते. त्या प्रश्नाचं लेखी उत्तर, तिच्या नि मुलाच्या संमतीने, ती हिंडतीफिरती असतानाच फाइलमध्ये असलं पाहिजे.

अठरावं वर्ष ही आणखी एक फट. बालसंगोपनाची मदत अठराला थांबते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वाढदिवस जानेवारीत असेल तर ऐन परीक्षेच्या तोंडावर घरात पैशाची चणचण सुरू होते. कायद्याचं कलम 46, म्हणजे अनुरक्षण, हे बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल बोलतं. कुटुंबात वाढलेल्या मुलाला कदाचित गरज नसावी असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल. आमच्या घरांत येऊन बघा. निदान एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि शिक्षण चालू असेल तर ते संपेपर्यंत, संस्थेतल्या आणि कुटुंबातल्या मुलांना सारखीच मदत मिळाली पाहिजे.

बालगृहं बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. आमच्या काही मित्रांना हे मवाळ वाटतं. पण पाठीशी काही नसलेल्या घरांत घाईने मुलं पाठवून बालगृहांचे आकडे कमी करणं म्हणजे मुलांच्या जिवावर अहवाल रंगवणं. घरं तयार करा, त्यांना माणूस द्या, मग संस्था आपोआप रिकाम्या होऊ द्या.

आमच्यावरही काही बंधनं आहेत, आणि ती न पाळणाऱ्याला चळवळीत जागा नाही. मुलावर हात उगारायचा नाही. त्याच्या आईबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलायचं नाही. त्याची ‘अनाथ’ म्हणून कुणाला ओळख करून द्यायची नाही, त्याची कहाणी कीर्तनात, भाषणात, स्टेटसवर वापरायची नाही. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहेच, पण आम्ही ती स्वतःहूनही पाळू. त्याला त्याच्याविषयीचा प्रत्येक आदेश त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचा. आणि समाजाकडे आमचं एक लहानसं मागणं आहे. ‘पुण्याचं काम करताय हो’ असं म्हणू नका. पुण्यवान माणसाला थकायची, चिडायची, मदत मागायची सोय राहत नाही. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक बालगृहात नेऊन कापण्यापेक्षा आमच्या मुलाला तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला घरी बोलवा. शाल-श्रीफळ तर अजिबात नको. आमच्यातल्या एकेका घरात शालींचे गठ्ठे पडलेत.

कामाची सुरुवात अशी करायची. प्रत्येक घराने एक वही घालायची. पैसे कोणत्या तारखेला आले, किती महिन्यांचे आले, कार्यालयात किती खेपा झाल्या, पाहणीला कोण आलं, मदतीला कोण आलं, कुठल्या रात्री कुणालाच फोन करता आला नाही. मुलाचं नाव वहीत लिहायचं नाही. दर तीन महिन्यांनी तालुक्याच्या वह्या एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या. बालकल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा त्यांनी घ्यायचा असतो. त्या आढाव्यात प्रतिपालक कुटुंबांचे दोन आणि अशा कुटुंबात वाढलेल्यांपैकी एक, असे तिघे बसले पाहिजेत, ही पहिल्या वर्षाची मागणी. त्याच वेळी जुन्या घरांनी नव्या घरांना धरायचं. आपल्या तालुक्यात मूल आलेलं घर कळलं की पहिल्या आठवड्यात आपल्यातलं एक माणूस तिथे जाऊन येईल. सल्ला द्यायचा नाही, विचारलं तर सांगायचं, आणि नंबर देऊन यायचं.

वर्गणी नाही. तालुक्याची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीनला, म्हणजे सकाळचा स्वयंपाक आणि धुणं उरकून बायकांना येता येईल. नवऱ्यांनीही यायचं आहे. मागच्या रांगेत मोबाइल बघत बसायला नाही. मुलांना बरोबर आणा, त्यांच्यासाठी शेजारची खोली आणि दोन दादा-ताया ठेवलेल्या असतील. अर्जाची, आदेशाची झेरॉक्स आणा, पासबुक भरून आणा. आजींना आणायला कुणाची गाडी रिकामी येत असेल तर आदल्या दिवशी कळवा. बैठकीत फोटो काढायचे नाहीत.